राउटरचं वास्तुशास्त्र

फ्लॅट घेताना देवघर कुठे, गॅसच्या ओट्याचं तोंड कुठे, यावर महिनाभर काथ्याकूट करणारी माणसं राउटरची जागा मात्र इंटरनेटवाल्या पोरावर सोडतात. त्याच्या हातातली वायर जिथे संपते, तिथे राउटर. म्हणजे दाराच्या वर, नाहीतर टीव्हीमागच्या धुळीत. शोकेसची शोभा जाते म्हणून मग त्याच्यापुढे लग्नाच्या फोटोची चांदीची फ्रेम येते, आणि आतल्या खोलीतून आरोळी: "नेट गेलं!"

नेट कुठेही गेलेलं नसतं. ५ गिगाहर्ट्झच्या लहरींना दोन भिंती आणि मधलं लोखंडी कपाट झेपत नाही, इतकंच. २.४ गिगाहर्ट्झ लांब पोचतं, पण तिथे अख्ख्या सोसायटीचे राउटर दाटीवाटीने बसलेले. एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. त्यात मायक्रोवेव्हही त्याच पट्ट्यात लुडबुडतो. दूध गरम होईपर्यंत मीटिंगमधला साहेब तोंड उघडं ठेवून थिजलेला.

उपाय साधा आहे. केबल ओढून बेडरूममध्ये दुसरा ॲक्सेस पॉइंट बसवायचा. पण त्यासाठी भिंतीला भोक पाडावं लागतं, आणि रंगकाम तर दिवाळीतच झालंय! त्यापेक्षा फोन फिरवून ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेणं सोपं. आता तीनशेच्या तीनशे हॉलमध्ये थाटात उतरतात. बेडरूमवाले मोबाइल डेटावर.