तात्यांची दोन रकान्यांची वही

तयार घर घ्यावं का, हे कुणाला विचारायचं असेल तर नांदेडात तात्यांकडे जावं. घ्यावं हेही पटतं, घेऊ नये हेही पटतं, आणि वर चहा मिळतो.

तात्यांची सगळी नोकरी सरकारी लेखापरीक्षणात गेली. दुसऱ्यांच्या बिलांवर आक्षेप काढण्यात हयात घालवलेल्या माणसाचे निवृत्तीनंतर हात शिवशिवायला लागतात. मग त्यांनी स्वतःच्याच घराची फाईल उघडली. घर व्हायचं होतं अहमदपूरजवळच्या वडिलोपार्जित शेतात. विटा-सिमेंटचं नाही, कारखान्यात बनवून ट्रेलरवर घालून आणायचं आणि नटबोल्टनं जोडायचं. त्यासाठी दोनशे पानी वही. मधोमध उभी रेघ. डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे. एका बाजूचं पारडं जड झालं की तात्यांना दुसऱ्या बाजूची दया येते आणि रात्री जागून ते तिला बरोबरीला आणतात.

फायद्यांत पहिली नोंद पाण्याची. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. "प्यायचं पाणी वाघिणीतून उतरायलंय, आणि तुम्ही विटांच्या भिंतीवर पाइप धरून उभे राहणार?" हा प्रश्न तात्या समोरच्याला अशा आवाजात विचारतात की आपणच पाइप धरला होता असं वाटावं. जोडघराला पाणी लागतं ते फक्त पायापुरतं.

दुसरी नोंद वजनाची. ती वाचताना तात्या चष्मा काढतात. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. अनंत चतुर्दशीचं विसर्जन करून माणसं नुकती कुठं आडवी झाली होती. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीनं भरलेलं माळवद. तेच अंगावर आलं आणि लातूर-उस्मानाबादेत आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. "हलकं घर पडलं तरी माणूस उरतो," एवढंच तात्या म्हणतात आणि थोडा वेळ गप्प बसतात.

मग चष्मा चढतो आणि उजवा रकाना सुरू होतो. हलकं घर वळवाच्या वाऱ्यात उडतं. २१ मार्च २०२४ला सकाळी सहाच्या सुमारास नांदेड, परभणी, हिंगोली हादरली. हिंगोलीकडं केंद्र, ४.५ रिश्टर. तेव्हा प्रशासनानं सांगितलं, पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. तात्यांना ही सूचना म्हणजे दिवाळीच. "दगड ठेवावा तर भूकंपात आपल्या डोक्यात. काढावा तर वळवात पत्रा शेजाऱ्याच्या डोक्यात!" वहीत तोच दगड दोन्ही रकान्यांत आहे.

तयार घरांच्या प्रदर्शनात मात्र तात्या बघावेत. नमुन्याच्या घरात शिरले की आधी बोटाच्या पेरानं भिंत वाजवतात, मग तिला कान लावतात, कलिंगड घेताना लावतो तसा.

"सर, पफ पॅनेल आहे. पन्नास मिलिमीटर," विक्रेता पोरगा सांगतो.

"म्हणजे दोन इंच. खुंटी मारली तर?"

"स्क्रू बसतो की सर."

"खुंटीवर सदरा अडकवला तर?"

"काही होत नाही सर."

"ओला?"

पोरगा पाणी प्यायला जातो. तात्या तेवढ्यात वहीत लिहितात : 'ओल्या सदऱ्याबाबत खुलासा अप्राप्त.'

काकूंचं माहेर औसा तालुक्यातलं. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये काढलेला उन्हाळा त्यांच्या अंगात अजून आहे. "मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखाली बसून भाकरी थापा, मग वही लिहा," असं त्या म्हणतात. तात्या समजावतात की तो साधा पत्रा होता, ह्यात मधे पफ भरलेला असतो, ऊन आत येत नाही. काकूंचा पुढचा बाण तयारच असतो. "भूकंपानंतर गुबाळ गावात लोकांना घुमटाची घरं बांधून दिली. भिंतच गोल! कपाट टेकवावं कुठं? चूल कुठं, गुरं कुठं, हे आधी बाईमाणसाला विचारावं लागतं." तात्या हे निमूट लिहून घेतात. पुढं कंसात : 'संदर्भ : सौ.'

जमीन एनए नाही म्हणून बँक गृहकर्जाचं नाव काढू देईना, तेव्हा पुण्यातल्या लेकानं कंटाळून पैसे पाठवले आणि एका खोलीचं तयार घर परस्पर मागवलं. ऐन जुलैत. ट्रेलर डांबरी सोडून पाणंदीत शिरला आणि काळ्या मातीत चाकं आसापर्यंत गेली. चालक कपाळाला हात लावून बसला, शेजारचे गडी ट्रॅक्टर जोडायला लागले. बांधावर तात्या मात्र वही नाचवत होते : "तोटे, पान एकतीस! वाहन रुतणे! लिहिलं होतं का नाही?"

तेव्हा लक्षात आलं, घराचं काय होतं याच्याशी तात्यांना फारसं देणंघेणं नाही. वही खरी ठरली पाहिजे. घर जोडून झालं. घर तयार मिळालं तरी पाया तयार मिळत नाही. काळी माती पावसात फुगली, उन्हाळ्यात भेगाळली, चौकट तिरकी झाली, दार लागेना. तात्या खूश : 'पान बारा.' एप्रिलमध्ये बाहेर रानात उभं राहवत नव्हतं, पण खोली बेताची तापली. तात्या तितकेच खूश : 'फायदे, पान नऊ.' माकडं छपरावर उतरली तेव्हा मात्र तात्या दिवसभर अस्वस्थ होते, कारण माकडं कुठल्याच पानावर नव्हती.

राहायला अजून कुणी गेलेलं नाही. सालगडी लिंबाखाली बाजेवर झोपतो. आत सोयाबीनची पोती आहेत, कारण भाव वाढल्यावर विकायचं की आत्ताच, याचीही एक वही चालू आहे. परवा तात्यांनी घराच्या वहीत नवी नोंद केली : 'फायदा : आत उंदीर शिरत नाही.' समोरच्या रकान्यात काकूंचं अक्षर होतं : 'तोटा : मालकही शिरत नाही.'

तात्यांनी दोन दिवस विचार केला आणि खाली लाल शाईनं शेरा मारला : 'आक्षेप मान्य.'