जिन्याखालचा पोस्टमास्तर

आमच्या घराण्यात आजवर एकच पोस्टमास्तर होऊन गेले, ते म्हणजे माझे आजोबा. राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत, घराच्या ओटीवरच त्यांचं ब्रँच पोस्ट होतं. एक खुर्ची, एक शिक्का, लाखेची एक कांडी. टपाल उशिरा आलं तर लोक रनरला शिव्या घालत, आजोबांना नाही. घराण्यातला दुसरा पोस्टमास्तर मी. मला सगळ्या शिव्या खाव्या लागतात, कारण रनर, शिक्का आणि लाख हे सगळं मीच आहे.

भोसरीत आमचा गॅस्केटचा छोटा कारखाना आहे. बिलं, स्टॉक, चलनं यांच्यासाठी आम्ही ईआरपीनेक्स्ट बसवलं. मुंबईत जन्मलेलं, मुक्तस्रोत आणि फुकट. 'फुकट' हा शब्द ऐकला की माझ्यातला कोकणी माणूस जागा होतो, आणि एकदा जागा झाला की लवकर झोपत नाही. सॉफ्टवेअर फुकट, लिनक्स फुकट, मग ई-मेलला तेवढे डोईमागे दरमहा पैसे कशाला? मशीन तर जिन्याखाली, चपलांच्या रॅकशेजारी, चोवीस तास घुरघुरत असतंच. त्याच्यावरच पोस्टफिक्स हा मेल सर्व्हर टाकायचा. बिल तिथेच तयार होईल आणि तिथूनच निघेल.

"अहो, त्यापेक्षा महिन्याचे पैसे भरा ना," बायको म्हणाली. कारखान्याचे अकाउंट्स तिच्याकडे असतात.

ई-मेल पाठवायच्या नियमांचं नाव एसएमटीपी. मी तिला त्यातल्या पहिल्या अक्षराचा अर्थ सांगितला: सिंपल. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी ते नियम लिहिले. (आडनावातच पोस्ट, माणूस दुसरं काय लिहिणार?) एक सर्व्हर दुसऱ्याला 'हेलो' म्हणतो. कोणाकडून, कोणाला ते सांगतो, मजकूर देतो आणि शेवटच्या ओळीवर नुसतं एक टिंब ठेवतो. झालं! त्या 'हेलो'च्या स्पेलिंगमध्येसुद्धा एक एल वाचवलेला आहे. पोस्टेल कोकणातलेच असावेत असं मला तेव्हापासून वाटतं.

पण १९८२ साली ई-मेलच्या वाड्यातली बिऱ्हाडं एकमेकांना ओळखत होती. आता दार वाजलं की आतून आधी 'कोण तुम्ही?' येतं. माझं पहिलं बिल चाकणच्या एका गिऱ्हाइकाकडे गेलं आणि चार सेकंदांत परत आलं. परत आणणाऱ्याचं नाव मेलर-डिमन. विक्रमाच्या पाठीवरून उडून पुन्हा झाडाला लटकणारा वेताळ तो हाच. फरक इतकाच, की वेताळ निदान गोष्ट सांगायचा. हा नुसता आकडा सांगतो: ५५०.

त्या आकड्याचा अर्थ असा निघाला की आम्हाला पीटीआर नाही. जगाची रीत नावावरून पत्ता शोधायची; इथे पत्त्यावरून नाव विचारतात. आणि ती पाटी आपण लावायची नसते, ज्याने आयपीचा नंबर दिला त्या इंटरनेटवाल्याने लावायची असते. त्यांच्याकडे फोन केला. पलीकडच्या मुलाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, एकदा राउटर बंद करून चालू करता का?" मी करत गेलो. अकराव्या दिवशी पाटी लागली. मग कळलं की आमच्या आधी त्या नंबरावर जो कोणी राहून गेला, त्याने तिथून जगभर पौरुषवर्धक गोळ्या विकल्या होत्या आणि त्याच्या कर्तृत्वाने नंबर काळ्या यादीत होता. पुढचे पंधरा दिवस मी निरनिराळ्या याद्यांना अर्ज करत होतो, की आम्ही फक्त गॅस्केट विकतो.

त्यानंतर एसपीएफ. हे रेशनकार्ड. आमच्या नावाने पत्र टाकायचा हक्क कोणकोणत्या मशीनला, त्याची ही यादी. आणि मग डीकेआयएम. तो मात्र मला मनापासून आवडला, कारण तो चक्क मोर्तब आहे. शिवकाळातल्या पत्रांवर वर मुद्रा असे आणि मजकूर संपला की खाली मोर्तब, म्हणजे मागाहून कोणी ओळ घुसडायला नको. इथेही तसंच: पत्रावर गुप्त किल्लीने सही होते, आणि मजकुरातलं एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी सही खोटी ठरते. मी हौसेने मोर्तब बसवलं. तरीही आमची पत्रं बनावट ठरायला लागली. तीन रात्री जागलो. चौथ्या रात्री दिसलं, की मोर्तब झाल्यावर आमचाच व्हायरस तपासनीस पत्राच्या खाली नम्रपणे एक ओळ जोडतो: 'हे पत्र तपासलेले असून सुरक्षित आहे.' त्या ओळीमुळेच ते असुरक्षित ठरत होतं. क्रम मीच उलटा लावला होता.

या तपासनीसाने पुढे आणखी एक पराक्रम केला. त्याला मेमरी भरपूर लागते, आणि व्हायरसांची नवी यादी वाचताना तो जुनीही हातात धरून ठेवतो, म्हणजे भूक दुप्पट. त्याच खोलीत ईआरपीचा डेटाबेस राहतो. मेमरी संपली की लिनक्स एकाचा बळी घेतं, आणि बहुधा ज्याचं पोट मोठं त्याचा नंबर आधी. एका महिन्याच्या १० तारखेला रात्री हा प्रसंग घडला. जीएसटीआर-१ भरायची शेवटची तारीख ११. पहारेकरी ठणठणीत, घरधनी गतप्राण. सकाळी सीएसाहेबांचा फोन आला, "सेल्स रजिस्टर उघडत नाहीये." मी म्हणालो, "मेल मात्र उत्तम चालू आहे." बायको त्या दिवशी माझ्याशी फक्त चलनांपुरती बोलली.

एक कबूल करतो, या जुन्या यंत्रणेत मोठी माणुसकी आहे. गुरुवारी वीज गेली, मशीन बंद पडलं, तरी पत्र बुडत नाही. समोरचा सर्व्हर ते जपून ठेवतो, पुन्हा पुन्हा येऊन दार वाजवतो. पोस्टफिक्स मूळच्या मांडणीत पाच दिवस वाट पाहतो आणि मग विसर्जन. आमच्या घरचा गणपतीही पाच दिवसांचाच, त्यामुळे हा आकडा मी बदलला नाही.

बिघडलो तो मीच. एका मोठ्या सर्व्हरने एकदा आमच्या पत्राला ४५१ सुनावलं, म्हणजे 'आत्ता नको, थोड्या वेळाने या.' स्पॅम टाकणारे सहसा दुसऱ्यांदा फिरकत नाहीत, म्हणून ही युक्ती. सातबाऱ्यासाठी आजोबांबरोबर मी लहानपणी जिथे बसायचो, तिथे हे तंत्र केव्हाच पूर्णत्वाला गेलं होतं. मला ते फार भावलं. मी आमच्या दारातही तेच बसवलं. वर कलम घातलं: ज्याला पीटीआर नाही त्याने उंबरा ओलांडू नये. इतके महिने सगळ्यांनी मला विचारलं, आता मी विचारणार.

महिनाभर स्पॅम जवळजवळ शून्यावर होता. ऑर्डरीही जरा कमी वाटत होत्या, पण मंदी असेल म्हटलं.

मग चाकणच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "साहेब, पंचेचाळीस दिवस व्हायला आले, पेमेंट सोडायचंय. बँक डिटेल्स कन्फर्म करा म्हणून चार मेल टाकले. तुमचा सर्व्हर म्हणतो, आधी तुम्ही कोण ते सांगा."

मी त्यांना पीटीआरची संकल्पना समजावून सांगू लागलो. रेशनकार्डापर्यंत पोचलो होतो, तेवढ्यात ते म्हणाले, "राहू द्या. मीच चेक घेऊन येतो."

आले. चहा झाला. चेक बायकोने ताबडतोब ड्रॉवरमध्ये टाकला. निघताना ते जिन्याखाली चपला घ्यायला वाकले आणि तसेच वाकून राहिले.

"बिलिंग आणि मेल, दोन्ही या एकाच डब्यावर?"

"हो."

"आणि महिन्याला काही नाही?"

"एक पैसा नाही."

केबिनमधून स्टेपलर आपटल्याचा आवाज आला. ते मात्र एक चप्पल हातात धरून तिथेच उकिडवे बसले होते. "आम्हाला पण करून द्याल का?"

मी रॅक थोडा बाजूला सरकवला आणि त्यांच्या शेजारी बसलो.