ठिगळाची बीडी

काकाजींनी खिशातून बीडी काढली, कानाशी नेली, दोन बोटांत हलकेच फिरवली आणि म्हणाले, "गेली."

बाकावरचा नवखा माणूस दचकला. त्याला वाटलं, गावात कोणी वारलं. काकाजींनी बीडी त्याच्या डोळ्यांसमोर धरली. धाग्यापासून निघालेली केसाएवढी भेग शिरेच्या कडेकडेने पार पोटापर्यंत उतरली होती. "आता अर्धा घंटा आपून कोनाचे नाई," असं म्हणून त्यांनी बाकावरच मांडी घातली.

काकाजी हा एक माणूस नाही, वाण आहे, आणि कपाशीच्या वाणासारखा तो यवतमाळच्या मातीत चांगला येतो. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. वणीपासून उमरखेडपर्यंत कुठेही उतरा, पारावर, टपरीवर किंवा जिनिंगच्या फाटकाबाहेर हा वाण उभा असतो. चपलेला तार, चष्म्याच्या काडीला दोरा, छत्रीत सायकलचा स्पोक. घरातला रेडिओ थाप खाल्ल्याशिवाय बोलत नाही, आणि ती थाप कुठे मारायची हे फक्त काकाजींना ठाऊक. मागच्या अंगणातला नळ मात्र चार वर्षांपासून गळतो आहे. काकू त्याबद्दल बोलल्या की काकाजी म्हणतात, "त्याले प्लंबर लागते."

तडकलेल्या बीडीचं दुखणं तसं साधं. भेगेतून वारा आत शिरतो, झुरका मारला की धुराऐवजी हवा येते आणि गाल तेवढे आत जातात. त्यात तेंदूचं पान मुळातच जळायला आळशी. सारखा दम मारत राहिलं नाही तर धडधाकट बीडीही विझते, तडकलेली तर प्रत्येक झुरक्याला काडी मागते. काडेपेटी १ डिसेंबर २०२१ पासून एकाची दोन रुपयांना झाली, तेव्हापासून हे दुखणं काकाजींना दुप्पट लागतं. पेटीत काड्या ३६ च्या ५० केल्या, असं कोणी समजावलं तर ते त्याच्याकडे असे पाहतात की समजावणारा स्वतःच विझतो.

तडकण्याचं कारण हवेत आहे. मे महिन्यात इथे पारा ४४-४५ वर जातो, हवेतला ओलावा संपतो आणि सदऱ्याच्या खिशात पान पापडासारखं होतं. पावसाळ्यात उलटा त्रास: बीडी सादळते, पेटत नाही, नुसती सुस्कारे टाकते. तेव्हा काकाजी ती चुलीच्या कडेला शेकायला ठेवतात. पण त्याला ते दुरुस्ती म्हणत नाहीत. "ते तं कोनीबी करते."

खरी कारागिरी उन्हाळ्याची. नवशिका माणूस भेग दिसली की लगेच जीभ लावतो. काकाजींना हे बघवत नाही. थुंकीने पान एकाच जागी फुगतं, वाळताना आखडतं आणि भेग आणखी पुढे सरकते. त्यांचा पहिला इलाज माठाचा. माठाला गुंडाळलेल्या ओल्या फडक्याशेजारी बीडी ठेवायची, फडक्याला टेकवायची नाही, आणि चहा होईपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. यामागचा तर्क चोख आहे. बीडी वळणाऱ्या बाया आधी तेंदूचं पान पाण्यात भिजवतात, ओल्या कापडात गुंडाळून मऊ करतात, मग कात्रीने कापून, चिमूटभर तंबाखू घालून वळतात. धागा बांधून झाला की बीड्या शेकल्या जातात. "जल्मली तवा वलीच होती. तिले तिच्या लहानपनात नेऊन सोडा, मंग आयकते," हे काकाजींचं वैद्यक.

भेग मोठी असेल तर दाता लागतो. पंचवीसच्या बंडलात एखादी बीडी पोटाने पोकळ निघतेच. तिचा तंबाखू तळहातावर सांडून घेतात, पान उलगडून त्यातली शीर नसलेली बोटभर पट्टी नखाने काढतात आणि ती रुग्णाच्या अंगावर, मूळ वळण ज्या दिशेने गेलंय त्याच दिशेने, तिरपी चढवतात. उलट दिशेने चढवली तर झुरक्यासरशी उलगडते. चिकटवायला भाताचं शीत चालतं, पण खरा माल धावड्याचा डिंक. तो डिंक काकूंनी बाळंतिणीच्या लाडवांसाठी बरणीत राखून ठेवलेला असतो. सूनबाईचे दिवस भरत आले की बरणी फडताळात वर सरकते आणि काकाजींना स्टूल लागतं. शेवटी दात्याचाच धागा काढून पट्टीच्या टोकाला दोन वेढे. धागा लाल असेल आणि मूळ बीडीचा हिरवा असेल तर काकाजी खूश होतात. धाग्याच्या रंगावरून बीडीची कंपनी ओळखणारी ही पिढी. दोन कंपन्यांची सोयरीक त्यांनी जुळवलेली असते.

एवढं करूनही हवा शिरलीच, तर काकाजी भेगेवर बोट ठेवून ओढतात. दोन भेगा असतील तर दोन बोटं. लांबून बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा बासरी शिकतो आहे.

हे शिक्षण त्यांनी शकुंतलेत घेतलं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही नॅरोगेज गाडी १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर धावत होती. धावत होती हे आपलं म्हणायचं. शंभरावर किलोमीटरच्या त्या रस्त्यात दिवस निघायचा, डब्यात गर्दी, खिशात उरलेली शेवटची बीडी कोणाच्या तरी कोपराखाली चेपलेली आणि पुढचं स्टेशन कधी येईल ते इंजिनालाही ठाऊक नाही. अशा शाळेत माणूस घडतोच.

२ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान बंद झालं तेव्हा लोकांना वाटलं, काकाजींचं बसस्टँडवरचं बस्तान उठणार. पण ते पाटीखालीच बसून राहिले. कायद्यात ओढण्यावर बंदी आहे, दुरुस्तीवर नाही. बीडी बाकावर तयार होते आणि फाटकाबाहेर लिंबाखाली पेटते. जिनिंगमध्ये तर हे शिस्तीने होतं. तिथे कापसाचे ढीग, एका ठिणगीत गावाचा हंगाम जाईल. काकाजी आत जाताना काडेपेटी आपण होऊन चौकीदाराकडे देतात आणि कापसाच्या गाड्यांच्या रांगेत बसून निर्धास्तपणे ठिगळ लावतात. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने बीडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणि तेंदूच्या पानावरचा १८ वरून ५ टक्क्यांवर आणायचं ठरवलं. ही बातमी काकाजींना कोणीतरी वाचून दाखवली. ते म्हणाले, "पानाचा टॅक्स जास्त उतरवला. म्हंजे सरकारलेबी मालूम हाये, पानच तडकते."

गावातल्या पोरांना यातलं काही कळत नाही. ती खर्ऱ्यावर वाढलेली. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीवर घोटायचा, गाल भरायचा, भिंत रंगवायची. "खर्रा तडकते का? खर्रा जोडता येते का?" असं काकाजी विचारतात. या प्रश्नाला उत्तर नाही. डॉक्टरांनी मात्र दोघांना एकाच रांगेत बसवलंय: खर्ऱ्याने तोंड जातं, बीडीने छाती. बीडी सिगारेटपेक्षा सौम्य, ही काकाजींच्या पिढीची समजूत निव्वळ खोटी आहे, हेही त्यांचं सांगून झालं. त्यावर काकाजींनी बीडी सोडली. म्हणजे धड बीडी सोडली. आता फक्त जोडलेली ओढतात. हिशेब केला तर पूर्वी अर्ध्या तासात दोन व्हायच्या, आता अर्ध्या तासात एक तयार होते आणि तीही अर्धीच ओढून होते. डॉक्टरांना हा उपाय मान्य नाही, पण याहून चांगला निकाल त्यांच्या गोळ्यांनीही दिलेला नाही.

पुसदकडचे काकाजी जरा वेगळे. तिकडे गहुलीच्या वसंतराव नाईकांचा अभिमान. १९६३ ते १९७५ अशी अकरा वर्षांवर ते मुख्यमंत्री होते आणि त्यांचा पाईप त्यांच्याइतकाच प्रसिद्ध होता. तिथले काकाजी ठासून सांगतात की साहेबांनी पाईप धरला तो तडकत नाही म्हणूनच. याला पुरावा नाही, पण पुसदच्या चौकात पुरावा मागायची पद्धतही नाही.

या वाणाच्या प्रत्येक झाडाला एक भाचा असतो. तो पुण्यात असतो, कंपनी त्याला परदेशी पाठवते आणि मे महिन्यात तो मामाजींसाठी सिगारींचा डबा घेऊन येतो. पाच सिगारी. डब्यावर लिहिलेलं असतं की हवेत साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवा. काकाजी तो डबा पत्र्याच्या खोलीतल्या कपाटात ठेवतात. आठव्या दिवशी उघडला तर पहिली सिगार उभी चिरलेली. भाच्याचं तोंड उतरलं. काकाजींचे डोळे चमकले.

त्यांनी सिगार उलटीपालटी करून पाहिली. बाहेरचं गुळगुळीत पान, आत तिला बांधून धरणारं पान, त्याच्या आत भरण. आणि तिन्ही तंबाखूच! "पोटातबी तोच अन् आंगावरबी तोच?" याचं त्यांना फार आश्चर्य वाटलं. मग त्यांनी सिगार डब्यात घातली आणि सोबत कच्च्या बटाट्याची एक फोड ठेवली. भाचा हसला, हसायचं कारण नव्हतं, सुकलेल्या तंबाखूला ओल आणायला पाईपवाले हेच करतात. दोन दिवसांनी पान नरमलं. सिगारवाले अशा वेळी बेचव डिंकाचा थेंब लावतात आणि वर दुसऱ्या सिगारीच्या पानाचा तुकडा चिकटवतात. काकाजींनी धावड्याचा डिंक घेतला, पण चांगली सिगार फोडायला हात धजेना. त्यांनी तेंदूची पट्टी चढवली आणि लाल धागा बांधला. भाच्याने कपाळावर हात मारला. खरं तर विन्स्टन चर्चिलही सिगारीचं टोक ओलं होऊ नये म्हणून त्याभोवती तपकिरी कागद गुंडाळत आणि त्याला बेलीबँडो म्हणत. तिथे कागद चालतो, तर इथे तेंदूला काय झालं?

लिंबाखाली सिगार पेटली. दोन झुरके झाले. काकाजी खोकले, डोळे पुसले आणि तिच्याकडे कारागिराने कारागिराच्या कामाकडे बघावं तसं बघत राहिले.

"पान बेस हाये," ते म्हणाले. "पन बांधनाऱ्यानं धागा नाई देल्ला."

उरलेल्या चार सिगारी अजून कपाटात आहेत. एकही तडकलेली नाही. चौघींनाही लाल धागा बांधून झाला आहे.