पळीचा हिशेब

लग्नाआधी आमच्या पत्रिका जुळवल्या. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जमले. तेल मात्र कुणी जुळवून पाहिलं नाही. आईचं माहेर बार्शीचं, ती करडईच्या तेलावर वाढलेली. बायको सावंतवाडीची, तिच्या लेखी खोबरेल तेवढं तेल, बाकी सगळं वंगण. मी स्वतः शेंगदाण्याचा. त्यामुळे दोघींच्या मध्ये भाजून निघतो.

गेल्या महिन्यात माझा रक्ताचा रिपोर्ट आला आणि या भांडणात डॉक्टर पडले. "कोणतं तेल खाऊ?" असं विचारल्यावर ते म्हणाले, "एकाच तेलाला चिकटू नका, बदलत राहा. आणि माणशी दिवसाला चार चमचे. चहाचे." यातलं पहिलं वाक्य मी मनावर घेतलं. दुसरं बहुधा लिफ्टमध्ये सांडलं.

आठवड्यात ओट्यावर सात बाटल्या उभ्या राहिल्या. करडई, शेंगदाणा, खोबरेल, तीळ, राइस ब्रॅन, ऑलिव्ह आणि जवस. एका बाटलीवर ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉलविरहित' असं छापलं होतं. मी हरखून तीच आधी उचलली होती. कोलेस्टेरॉल प्राण्यांकडून येतं, वनस्पतींच्या तेलात असलंच तर औषधापुरतं, हे मला लेकीने घरी आल्यावर सांगितलं. म्हणजे दुधी भोपळ्यावर 'काटे काढलेला' अशी चिठ्ठी लावण्यातला प्रकार.

जवसात ओमेगा थ्री भरपूर, म्हणून मी पहिली फोडणी त्याचीच दिली. हे तेल चटणीवर कच्चं घालायचं असतं. पाणी उकळेल एवढ्या तापमानापुढे फार सरकलं नाही तोच ते धुरावतं. मोहरी तडतडायच्या आत स्वयंपाकघर दिसेनासं झालं. जवसाचं तेल रंगात घालतात, तेही त्या दिवशी नाकाला कळलं. शेजारच्या काकूंनी दारातून विचारलं, "घर रंगवायला काढलंत का?"

आईने खिडकी उघडली आणि डालड्याचा विषय काढला. १९३७ साली बाजारात आलेलं हे वनस्पती तूप तिच्या माहेरी सणावाराला यायचं. त्यातल्या ट्रान्स फॅटची बातमी घरोघरी पोचेपर्यंत दोन पिढ्या लाडू खाऊन मोकळ्या झाल्या. २०२२ पासून सरकारने तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटला २ टक्क्यांची वेसण घातली आहे. "त्या डब्यात तब्येतीला चांगली एकच गोष्ट होती," आई म्हणाली, "आम्ही नंतर लावलेली तुळस."

एवढ्यात लेक वही घेऊन आली. चार माणसं, माणशी रोज चार चमचे म्हणजे २० मिलिलिटर, तीस दिवस. महिन्याचे झाले २.४ लिटर. आपण आणतो पाच लिटरचा कॅन, आणि तो संपतो. तेल घाण्याचं असो की इटलीचं, एका ग्रॅमला ९ कॅलरी ठरलेल्या. मग वरचं अडीच लिटर जातं कुठे?

"देवाला लागतं," आई तत्काळ म्हणाली.

महिन्याला अडीच लिटर पिणाऱ्या देवाचाच रिपोर्ट आधी काढायला हवा, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण लेकीने खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण आणून थेट पळीलाच हात घातला. आईची पळी भरली ५५ मिलिलिटर. म्हणजे अकरा चमचे. एका भाजीला एक पळी, आमटीला अर्धी, आणि पाहुणे आले की 'सढळ हाताने', ज्याचं माप त्या टोपणात मावत नाही.

बायकोने पुढे होऊन पळी कपाटात ठेवली आणि फोडणीच्या डब्यात चहाचा चमचा आला. आठवडाभर आईने तो इमानाने वापरला, अगदी ओठ हलवून मोजत. भाज्या कढईला चिकटत होत्या, पण तिने अवाक्षर काढलं नाही. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

रविवारी पिठलं-भाकरी होती. ताट वाढून झालं, तशी आई कपाटापाशी गेली आणि पळी घेऊन आली. पिठल्यात मधोमध खळगा करून तिने करडईचं कच्चं तेल ओतलं. पिवळं, खमंग, काठोकाठ.

"आजी, चमचे!" लेक ओरडली.

"चमचे फोडणीचे. हे वरचं," आई म्हणाली. "वरचं हिशेबात धरत नाहीत."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे आपलं ताट पुढे सरकवलं.