चिनी बोला, पण बेतानं

(शांघायमध्ये नव्यानं बिऱ्हाड थाटणाऱ्या मराठी माणसासाठी उपयुक्त सूचना)

१. आधी गळा तपासून घ्या. चिनी शब्द नुसता पाठ करून भागत नाही, त्याला सूर लावावा लागतो. सूर चार. आपली माय एकच. तिथली ‘माय’ खाली जाऊन वर आली तर ‘विकत घेणं’ आणि खाडकन आदळली तर ‘विकणं’. पहिल्याच आठवड्यात मी भाजीबाजारात कोथिंबिरीकडे बोट दाखवून ‘मी विकतो’ असं ठणकावून सांगितलं. भाजीवालीनं जुडी माझ्या हातात ठेवली आणि मलाच भाव विचारला.

२. न्यूनगंड सोडा. प आणि फ, त आणि थ यांतला फरक तिथं फार मोलाचा, आणि तो आपण बाराखडीतच गिरवलाय. रोमन अक्षरांत बी दिसला तर प वाचा, डी दिसला तर त. राजधानीला ‘पेइचिंग’ म्हणा. ‘चांगला’मधला च घेऊन ‘चाओ’ म्हटलं की सकाळचा रामराम झाला. ‘चिवड्या’तला च घेतलात की घोळ.

३. घासाघीस करायला ‘थाय क्वेइ ल’, म्हणजे ‘फारच महाग’, एवढं पुरे. चेहरा मंडईतलाच ठेवा. आकडा कळला नाही तर हाताकडे बघा. चिनी माणूस एका हातावर दहापर्यंत दाखवतो. विक्रेत्यानं अंगठा आणि तर्जनी ताणून पिस्तूल रोखलं तर हात वर करू नका. ते आठ आहेत.

४. उच्चार फार सुधारू देऊ नका. ‘थिंग पु तोंग’ म्हणजे ‘ऐकलं, पण कळलं नाही’. हे जितकं सफाईनं म्हणाल तितकं ते कुणाला खरं वाटत नाही. टॅक्सीवाल्याला ‘शिफू’, म्हणजे उस्ताद, अशी हाक मारून मी ते इतकं झकास म्हटलं, की घर येईपर्यंत त्यानं मला सासूची सगळी कर्मकहाणी ऐकवली. सासूचीच असावी.

५. कुणी तुमच्या चिनीचं कौतुक केलं तर ‘नाली नाली’ म्हणा. शब्दशः ‘कुठं कुठं’, पण भाव अस्सल आपला: ‘कसचं कसचं!’

६. लिफ्टमधल्या आजी ‘छ्र ल मा?’ म्हणजे ‘जेवलात का?’ असं विचारतील. स्वयंपाकाचा बेत सांगत बसू नका, आमंत्रणाची वाट पाहू नका. हा नुसता नमस्कार आहे. ‘छ्र ल’, जेवलो, म्हणून बाहेर पडा. मागं आजी शेजारणीशी शांघायच्या खास बोलीत काय बोलल्या, ते कळणार नाही. त्यासाठी पुन्हा पहिल्या सूचनेपासून सुरुवात.

७. मोबाइल खिशातच ठेवा. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले आणि तिथल्या लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलू लागले. हाताशी भाषांतराचं ॲप नव्हतं, हा त्यांचा मोठा फायदा. तेव्हा लाज गुंडाळून ठेवा, पिशवी घ्या आणि खुशाल कोथिंबीर विकायला निघा.