मुख्य गवयासाठी

बायबलातल्या १५० स्तोत्रांपैकी ५५ स्तोत्रांच्या डोक्यावर ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचना असते. म्हणजे दाविदाच्या परंपरेत या कामाला एक वेगळा माणूस नेमलेला असे, त्याला सूर कळत असे आणि बाकीचे निश्चिंतपणे त्याच्या मागून जात असत. आमच्या मंडळीत ही जागा पिढ्यान्‌पिढ्या रिकामी होती. ती मी भरली. हे वाचून हातातला कप खाली ठेवला असेल तर उचला. माझ्या आवाजाचा त्रास कागदावरून होत नाही.

आता आमच्याकडे, नगरकडच्या मराठी मंडळ्यांमध्ये, गाण्याची कमतरता मुळीच नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग-ओव्यांच्या घाटाची इतकी भजनं लिहून ठेवलीत, की पेटी, तबला आणि झांज असली की आमची माणसं वीज गेल्याचंही मनावर घेत नाहीत. पण स्तोत्र आलं की पेटीचा भाता मिटतो आणि चष्मे निघतात. स्तोत्र आम्ही वाचतो. विषम वचनं पाळकसाहेब वाचणार, सम वचनं मंडळी. सम वचनं आयुष्यभर माझ्या वाट्याला आली खरी, पण समेवर मी एकदाही आलो नाही. सगळी मंडळी थांबली की शेवटचे दोन शब्द मी एकटा, शांततेत, खणखणीत म्हणतो. बायकांच्या बाजूला बसलेली आमची ही तेवढ्यापुरती पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते.

दुसरीकडे तरुणांचा गट पडदा, कीबोर्ड आणि गिटार घेऊन उभा. त्यांच्या गाण्यांत एकच ओळ इतक्या वेळा येते की मलासुद्धा पाठ होते, म्हणून मी त्यांच्या विरुद्ध नाही. फक्त एक गोष्ट खटकते. त्या पडद्यावर माणूस कायम आनंदात असतो. दावीद तसा नव्हता हो. तो रडतो, भांडतो, शत्रूंचे दात पाडायला सांगतो, ‘देवा, झोपलास का?’ अशा अर्थाचंही स्तोत्रांत विचारलेलं आहे, आणि ८८वं स्तोत्र तर सरळ अंधारातच संपतं. सोमवारी सकाळी ऑफिसला निघताना माझी जी मनःस्थिती असते ती पडद्यावर कधी येत नाही, स्तोत्रांत मात्र पानोपानी असते. हा मुद्दा मी उपासना समितीच्या बैठकीत मांडला. समितीत माझं खरं काम चहा सांगणं.

चहा सांगून गप्प बसलो असतो तर पुढचं रामायण टळलं असतं. पण रात्री जागून मोबाईलवर मी स्कॉटलंडच्या लुईस बेटावरची स्तोत्रं ऐकली होती. तिथल्या गेलिक भाषेतल्या उपासनेत वाद्य नाही, काही नाही. एक माणूस उभा राहून ओळ सांगतो आणि मागून सगळी मंडळी ती ओळ उचलते, चाल एकच, पण जो तो आपापल्या हरकती घेत, हळूहळू. ऐकताना अंगावर काटा येतो. तिथल्या फ्री चर्चने तर २०१० सालापर्यंत उपासनेत स्तोत्रांखेरीज दुसरं गीत आणि वाद्य येऊच दिलं नव्हतं. हे सगळं मी समितीला रंगवून सांगितलं. वर, आपले विल्सन कॉलेजवाले जॉन विल्सन १८२९ साली मुंबईत उतरले तेही स्कॉटलंडचेच, म्हणजे ही रीत आपल्या आजोळचीच आहे, असं काहीतरी ठोकून दिलं. पाळकसाहेबांचे डोळे पाणावले. ते म्हणाले, “दादा, ओळ सांगणारा माणूस लागतो ना? मग तो मिळाला.” बैठक प्रार्थनेने संपली. प्रार्थना माझ्यासाठी होती.

स्तोत्र कुठलं घ्यावं? मी ११७वं सुचवलं. त्यात दोनच वचनं आहेत. सगळ्या बायबलात माझ्या कुवतीचा तेवढाच एक अध्याय. पाळकसाहेब म्हणाले, एवढं तर लोकांचे चष्मे निघेपर्यंत संपेल. तरुणांपैकी एकाने गंभीर चेहऱ्याने ११९वं सुचवलं. ते १७६ वचनांचं आहे. शेवटी १३६वर तडजोड झाली. त्याची रचना फार सोयीची. २६ वचनं, प्रत्येकाचा पहिला अर्धा भाग वेगळा आणि दुसरा अर्धा एकच, देवाच्या कायम टिकणाऱ्या दयेचं धृपद. पहिला अर्धा मी म्हणायचा, धृपद मंडळीने. म्हणजे निम्मं काम तर लोकच करणार होते.

उरलेल्या निम्म्याला चाल लागते. आपल्या मराठी बायबलात स्तोत्रं गद्यात आहेत. एक ओळ चार शब्दांची तर दुसरी दहा. पण मूळ स्तोत्रांवरही चालींची नावं आहेतच. २२व्यावर ‘पहाटेची हरिणी’ असं लिहिलंय, आणि ती त्या काळची माहितीची चाल असावी असं जाणकार म्हणतात. आपल्या संगीत नाटकांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल : अमुक अमुक’ छापायचे, अगदी तसंच. मला हरिणी सापडेना. मग स्कूटरवर, आंघोळीत, भाजीच्या रांगेत गुणगुणत बसलो आणि अचानक, सिग्नलला उभा असताना, एक चाल मनात आली ती अशी सहज, अशी गोड, की मागचे हॉर्न वाजवत असतानाही मी दोनदा म्हणून पाहिली. कुठून आली कळेना. मी तिला प्रेरणा समजलो.

घरी सराव सुरू झाला. मुलगी हेडफोन लावून फिरायला लागली. शेजारचे काका विचारून गेले, की घरात सगळं ठीक आहे ना. ही म्हणाली, “अहो, चाल छान आहे, पण मी ती कुठेतरी ऐकलीय.” मी म्हटलं, चांगल्या चालीचं तेच लक्षण असतं.

रविवार उजाडला. पेटीवाल्यांना मीच सुट्टी दिली होती, कारण लुईस बेटावर पेटी नसते. त्यामुळे सूर माझा मीच लावला आणि तो, नंतर पेटीवाल्यांनी हळहळत सांगितलं त्याप्रमाणे, काळी चारच्या आसपास कुठेतरी होता. पहिलं वचन म्हटलं. आणि काय सांगू, मंडळीने धृपद असं उचललं, असं उचललं, की खिडकीतली कबुतरं उडाली! एकही माणूस मागे नाही, एकही चुकीचा नाही, साठीचे वडीलजन टाळ्यांनी ठेका धरतायत, नेहमी पेंगणारे खजिनदार मान डोलावतायत. आकाश झालं, पृथ्वी झाली, सूर्य झाला, चंद्र झाला. माझ्या मनात एक छोटंसं पुस्तक छापूनही झालं : ‘स्तोत्रे, नव्या चालीत.’

फक्त तबलजी बाकावर डोकं टेकवून हलत होता. मला वाटलं, रडतोय. ही बायकांच्या बाजूने हातांनी काहीतरी खूण करत होती. दोन्ही मुठी एकमेकींवर ठेवून उलट्या दिशांना फिरवायची. मी समजलो, आळवा, सूर पिळून काढा. मी आळवला. तिने आणखी जोरात पिळलं. मी आणखी आळवला.

ती धुणं पिळत होती.

कारण माझी प्रेरणा, बायाबापड्यांनो, ऐंशीच्या दशकात टीव्हीवर रोज लागणाऱ्या धुण्याच्या पावडरीच्या जाहिरातीची होती. चाळिशीपुढच्या प्रत्येक माणसाच्या हाडीमाशी रुजलेली. म्हणूनच मंडळी एका सुरात होती. हे मला कळलं ते दहाव्या वचनाशी, मिसरातले पहिले पुत्र मरत असताना, आणि तिथून मला मागे फिरता येईना. लोकांना थांबवणार कोण? धृपद पावडरीच्या वेगाने येऊन आदळत होतं, मी श्वास घ्यायच्या आत पुढचं वचन माझ्या अंगावर, आणि प्रत्येक वचनाला माझा सूर अर्धी पट्टी वर चढत होता. पंधराव्या वचनात फारो तांबड्या समुद्रात पडतो. तोवर मीही पट्टीबाहेर पडलो होतो. मग एकोणिसाव्यात अमोऱ्यांचा राजा सीहोन आणि विसाव्यात बाशानाचा राजा ओग आले. जगातली कुठलीही कपडे धुण्याची चाल ही दोन नावं सामावून घेऊ शकत नाही. सीहोन दोन मात्रा उरला, ओग दोन मात्रा कमी पडला. मी ओगला ‘ओऽऽऽग’ असा ताणला तर तो उलटीच्या आवाजासारखा निघाला आणि पुढच्या बाकावरच्या आजीबाईंनी लगबगीने पाण्याची बाटली पुढे केली. पंचविसाव्या वचनात देव सर्व प्राण्यांना अन्न देतो. त्याच वेळी मागच्या मंडपातून प्रीतिभोजनाच्या मटणाचा वास आला आणि धृपद आपोआप दुप्पट लयीत गेलं.

एक गोष्ट मात्र माझ्या पदरात पडली. १५५१ साली जिनिव्हात लुई बुर्ज्वा नावाच्या संगीतकाराला परवानगीशिवाय स्तोत्रांच्या चाली बदलल्या म्हणून तुरुंगात टाकलं होतं. कॅल्व्हिनने मध्यस्थी केली तेव्हा सुटला बिचारा. अजून जगभर शंभराव्या स्तोत्राला जी चाल गातात ती त्याचीच समजली जाते, आणि मुळात तीही १३४व्या स्तोत्रासाठी केलेली. पंगतीत मी हे सगळ्यांना ऐकवत होतो, म्हणजे चालीची अदलाबदल ही किती जुनी आणि थोर परंपरा आहे वगैरे. खजिनदार रस्सा वाढून घेत म्हणाले, “पण त्याला आत टाकला होता ना?”

पाळकसाहेब थोर माणूस. ते म्हणाले, इतक्या वर्षांत मंडळी स्तोत्र पुस्तकात न बघता पहिल्यांदाच म्हणाली, आणि आजीबाईंना धृपद घरी जातानाही आठवत होतं. तेव्हा स्तोत्र गायचा उपक्रम चालू ठेवायचा, पेटीही परत आणायची. हिने सुचवलं, की पुढच्या वेळी यांना ८८वं द्या. ते अंधारात संपतं, त्यामुळे कोण म्हणतंय ते दिसणार नाही. पण समितीने त्याआधी १५०वं ठरवलं, कारण त्यात वाद्यंच वाद्यं आहेत आणि माझे हात बांधले की तोंड बंद राहील असा सगळ्यांचा कयास आहे. मला झांजा दिल्यात. त्या स्तोत्रात झांजा दोन प्रकारच्या आहेत, साध्या वाजणाऱ्या आणि दणदणीत वाजणाऱ्या, आणि मला त्यांतल्या कुठल्या द्यायच्या हे ठरवायला समितीची तातडीची बैठक बोलावली आहे. चहा मीच सांगणार आहे.