स्टँड खाली आहे

माझ्या गाडीचा स्टँड वर आहे. शपथेवर सांगतो. आधी पायाने वर घेतला, मग वाकून हाताने घेतला, मग चष्मा लावून, पुन्हा वाकून, खात्री केली. वर आहे. पण हँडलच्या मधोमध एक स्क्रीन आहे, ऊन पडलं की तिच्यात फक्त स्वतःचं तोंड दिसतं. त्या स्क्रीनवर लाल अक्षरं लुकलुकत होती : साइड स्टँड खाली आहे. आणि स्टँड खाली आहे तोवर गाडी हलणार नाही.

नियम चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. स्टँड न काढता निघालेले आणि पहिल्याच डाव्या वळणाला रस्त्यावर आडवे झालेले लोक मी पाहिले आहेत. त्यांतला एक मी स्वतः. तेव्हा स्टँड खाली असताना मोटर फिरू द्यायची नाही हे शहाणपणाचंच आहे. फक्त त्यासाठी स्टँड खाली असावा, एवढी माझी माफक अपेक्षा.

कस्टमर केअरला फोन लावला. मराठीसाठी ३ दाबायला सांगितलं, दाबलं. ‘नमस्कार’ मराठीत झाला आणि पुढचं सगळं हिंदीत. तुमच्यासाठी त्याचा मराठी गोषवारा देतो.

‘सर, स्टँड वर घ्या.’

‘वर आहे.’

‘सर, आमच्या सिस्टीममध्ये खाली दाखवतंय.’

‘अहो, मी गाडीला टेकून उभा आहे. मला दिसतोय. वर आहे.’

‘सर, पण सिस्टीममध्ये खाली आहे.’

हा मुलगा कुठल्या गावात, कितव्या मजल्यावर बसला होता देव जाणे. मी पुण्यात, सिंहगड रस्त्याच्या कडेला, पावसात, स्टँडपासून दोन फुटांवर. तरी स्टँडबद्दल जास्त माहिती त्याला होती. अंधारात दोरीला साप समजणाऱ्या माणसाचा दृष्टांत आपण लहानपणापासून कीर्तनात ऐकत आलो. दिवा आणला की साप नाहीसा होतो आणि उरते ती दोरी, असं बुवा सांगायचे. बुवांच्या काळात सर्व्हर नव्हता. इथे मी दिवा धरून उभा आहे, दोरी दिसते आहे, पण साप सर्व्हरवर नोंदवलेला आहे आणि तो तिथून काढायचा अधिकार सेकंड लेव्हलच्या टीमला आहे.

‘आय अंडरस्टँड, सर,’ तो म्हणाला. बघा, इथेही स्टँड अंडरच.

गाडी ढकलत घरी आणली. इलेक्ट्रिक गाडीचं वजन शंभर किलोच्या पुढे असतं, आणि त्यातली बॅटरी भरलेली असो वा रिकामी, ढकलणाऱ्याला तेवढीच जड लागते. बॅटरी ८४ टक्के भरलेली होती. ती ८४ टक्के वीज मी माझ्या खर्चाने घरी चार्ज करून घेतली होती आणि आता तीच विकत घेतलेली वीज छातीने रेटत चढावर नेत होतो. वाटेत मोबाइलवर मेसेज आला की तुमचं तिकीट तयार झालं आहे. आयुष्यात पहिल्यांदाच तिकीट काढून पायी गेलो.

दुसऱ्या दिवशी पुरावे मागवले गेले. स्टँड वर असल्याचा फोटो पाठवा म्हणाले. पाठवला. तर त्यात गाडीचा नंबर दिसत नाही. आता गाडीचा नंबर मागे आणि स्टँड डावीकडे, पोटाखाली. दोन्ही एका फोटोत यायचे तर माणसाने गाडीच्या मागच्या डाव्या कोपऱ्यात जमिनीवर आडवं व्हावं लागतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये आडवा झालो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी वरून विचारलं, ‘भोवळ आली का हो?’ हिरव्या पाटीवरचा पांढरा नंबर आणि वर असलेला स्टँड दोन्ही मावले, फोटो पाठवला. तर तो आजचाच आहे हे कशावरून? मग खंडणीसाठी पळवलेल्या माणसाच्या हातात देतात तसा आजचा पेपर गाडीच्या सीटवर ठेवला आणि पुन्हा आडवा झालो. नंतर व्हिडिओ मागितला. स्टँड खाली, स्टँड वर, स्टँड खाली, स्टँड वर, असं तीन वेळा, आणि त्याच वेळी स्क्रीनही दिसली पाहिजे. शूटिंग वॉचमनने केलं. मी स्टँड वर-खाली करतोय, स्क्रीन ‘खाली आहे, खाली आहे’ असा एकच जप करतेय, आणि वॉचमन म्हणतोय, ‘साहेब, जरा इकडं बघा की.’ पेन्शनर मंडळींना हा अनुभव नवा नाही. दर नोव्हेंबरात त्यांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. समोर खोकत बसलेला माणूस जिवंत आहे हे कारकुनाला दिसत असतं, ऐकूही येत असतं, पण त्याला काय किंमत? कागद पाहिजे. फरक इतकाच की पेन्शनरला वर्षातून एकदा हयात असावं लागतं. माझ्या स्टँडला दर ४८ तासांनी वर असल्याचा दाखला द्यावा लागत होता, कारण ४८ तासांत ग्राहकाकडून प्रतिसाद नाही आला तर तिकीट आपोआप बंद होतं. ते कसंही बंद होतंच. पाच तिकिटं बंद झाली. प्रत्येक वेळी रात्री साडेअकराला मेसेज : आपली तक्रार समाधानकारकरीत्या सोडवण्यात आली आहे, आम्हाला किती स्टार द्याल? आमच्या घरात मध्यरात्री समाधान येण्याची ती पहिलीच वेळ. बायको म्हणाली, एखादा स्टार दे आणि झोप.

नवव्या दिवशी माणूस आला. मुलगाच होता, विशी-बाविशीचा, पाठीवर लॅपटॉपची बॅग, पावसात भिजलेला, आणि आला होता पेट्रोलच्या मोटारसायकलवर. मी त्याला टॉवेल दिला, चहा दिला. तो गाडीपाशी गेला, वाकला, पाहिलं आणि म्हणाला, ‘काका, वर आहे की.’

नऊ दिवसांनी दुसऱ्या मनुष्यप्राण्याने माझ्या स्टँडची साक्ष दिली होती. माझा गळा दाटून आला.

मग त्याने लॅपटॉप उघडला, वायर जोडली. ‘पण इथे खाली दाखवतंय,’ म्हणाला. आणि मी डोळ्यांदेखत पाहिलं की त्याने स्वतःचे डोळे मिटून घेतले. म्हणजे उघडेच होते, पण त्यांचं काम संपलं होतं. पार्ट मागवावा लागेल, पूर्ण असेंब्ली येते, सुटा सेन्सर येत नाही, तीन आठवडे धरून चला. तोवर भेट दिल्याच्या नोंदीसाठी ओटीपी पाहिजे. दिला. तो गेल्यावर ॲपमध्ये त्याचा शेरा वाचला : ‘ग्राहकास साइड स्टँड वापरण्याचे प्रशिक्षण दिले. ग्राहक समाधानी.’ मी दिलेला ओटीपी भेटीचा नव्हता, समाधानाचा होता.

प्रशिक्षण! १९७२ साली लूना बाजारात आली, ती पुढे आमच्या वडिलांनी जुनी घेतली, आणि तिला दोन्ही हातांनी मागे खेचून स्टँडवर चढवायला मी शिकलो तेव्हा मी आठवीत होतो. त्यानंतर स्कूटर झाली, मोटारसायकल झाली, पुन्हा स्कूटर झाली. हिशेब केला तर मी आयुष्यात पन्नास हजार वेळा तरी स्टँड वर-खाली केला असेल. आणि मला, या वयात, स्टँडचं प्रशिक्षण दिल्याचं रेकॉर्डवर आहे, खाली माझी सही असल्यासारखा ओटीपी आहे.

त्या पोराला मी दोष देत नाही. त्याला दिवसात आठ तिकिटं बंद करायची असतात आणि आठव्या तिकिटापर्यंत पोचायला त्याच्या खिशात पेट्रोलचे पैसे असतात की नाही हेही मला माहीत नाही. पण ज्यांनी ही गाडी बनवली, विकली, आणि विकताना ‘चाकांवरचा कॉम्प्युटर’ म्हणून मिरवली, त्यांना विचारतो : मी कॉम्प्युटर मागितला होता का? मी गाडी मागितली होती. मंडईत जाऊन भाजी घेऊन परत येणारी गाडी. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी फक्त ५ टक्के, पीयूसी नको, तेल बदलायला नको, धूर नाही, आवाज नाही, हे सगळं ऐकून मी भुललो, कबूल. आवाज नाही हे तर शंभर टक्के खरं निघालं. नऊ दिवस गाडीने हूं का चूं केलं नाही. आरसीवर नाव माझं, विमा माझ्या नावाचा, हप्ता माझ्या खात्यातून दर महिन्याच्या ५ तारखेला जातो आणि त्यासाठी कुणी मला व्हिडिओ मागत नाही. हप्ता एक दिवस चुकला तर सिस्टीमला तत्काळ दिसतं. आणि गाडी हलेल की नाही ते मात्र ठरणार कुठल्या तरी खोलीत, कुठल्या तरी लाल अक्षरांवर. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने नुसतं बोट लावलं तरी वॉरंटी जाते म्हणे! पेट्रोलच्या गाड्यांचे हाल आम्ही काढले, पण रस्त्यात बंद पडली तर प्लग काढून, विजारीला पुसून, फुंकर मारून पुन्हा बसवायची तरी सोय होती. निम्म्या वेळा गाडी त्यानेच चालू व्हायची, उरलेल्या वेळा निदान आपण काहीतरी केलं एवढं मनाला वाटायचं. आता फुंकर कुठे मारायची? ॲपवर? गाडी बंद पडल्याचं दुःख मी सोसेन. ज्या गाडीत काहीही बिघडलेलं नाही, बॅटरी ठणठणीत, मोटर ठणठणीत, टायर नवे, ती केवळ एका गैरसमजापोटी बंद असावी आणि तो गैरसमज दूर करायला तीन आठवडे लागावेत, याची मला चीड येते. नवराबायकोतले गैरसमजसुद्धा इतके टिकत नाहीत.

शेजारचे वकील म्हणाले, ग्राहक आयोगात टाका. २०१९ चा नवा कायदा आहे, ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी लागत नाही, आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, खरेदी कुठूनही असो. सगळं पटलं. मग ते म्हणाले, ‘फक्त गाडी आहे त्याच स्थितीत ठेवा. पुरावा आहे तो.’ म्हणजे निकाल लागेपर्यंत ती पार्किंगमध्ये, स्टँडवर उभी. तेव्हा तरी सिस्टीम आणि मी एकमताने म्हणू शकू की स्टँड खाली आहे.

शेवटी मीच एका रविवारी, चोरून, गाडी ढकलत कोपऱ्यावर नेली. तिथे गुलमोहराखाली आमचा जुना मेकॅनिक बसतो. त्याने स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली बसला, स्टँड दोनदा हलवला, आतला चिखल बोटाने काढला आणि म्हणाला, ‘इथला लोहचुंबक पडलाय. स्टँड वर गेला की तो सेन्सरसमोर येतो, मग गाडीला कळतं. चुंबकच नाही तर कळणार कसं? घरात आहे का एखादा?’

आमच्या फ्रिजवर महाबळेश्वरची एक स्ट्रॉबेरी चिकटवलेली होती, प्लास्टिकची, पाठीला चुंबक. ती आणून दिली. त्याने स्ट्रॉबेरी तोडून फेकली, चुंबक स्टँडला चिकटवला आणि स्क्रीनवरची लाल अक्षरं गेली. बारा दिवस, पाच तिकिटं, अकरा फोटो, एक व्हिडिओ, एक प्रशिक्षण. स्ट्रॉबेरी किती रुपयांना घेतली होती ते बायकोला आठवतं, पण ती सांगत नाही.

दोन दिवसांनी खड्ड्यात आदळून चुंबक पडला. या वेळी मेकॅनिकने तो स्टँडवर न लावता थेट सेन्सरवरच ठेवला आणि वरून एमसीलचा गोळा थापला. आता काही पडायचं नाही, म्हणाला. पडलेलंही नाही. पण आता स्टँड वर असो नाहीतर खाली, गाडीच्या मते तो वरच असतो. सिस्टीममध्येही वर आहे. हे बरोबर नाही, मला कळतं, आणि असेंब्ली आली की मी तो गोळा काढून टाकणार आहे. चौथा आठवडा चालू आहे. असेंब्ली ‘मार्गस्थ’ आहे.

तोवर एकच विनंती. या शहरात अनोळखी माणूस अनोळखी माणसाशी मायेने बोलतो ते दोनच वेळा : ‘ताई, ओढणी!’ आणि ‘ओ काका, स्टँड!’ भरधाव जाताना, शेजारी येऊन, हात खाली करून दाखवत, आपला सिग्नल चुकवून लोक ही सेवा करत आले आहेत, कसलंही तिकीट न काढता. हिरव्या पाटीची राखाडी गाडी, मागे बांधलेली भाजीची पिशवी, वर टक्कल झाकणारं निळं हेल्मेट, आणि खाली स्टँड लोंबकळताना दिसला, तर ओरडा. मोठ्याने ओरडा. गाडी मला सांगणार नाही.